पॉलिश म्हणजे मलम नव्हे

दर सर्व्हिसला गाडीला रबिंग-पॉलिश करून घेणार म्हणालास, म्हणून लिहितोय. तसं करू नकोस, मित्रा. पॉलिश म्हणजे रंगाला लावायचं मलम नाही, ते बारीक घासणं आहे. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळच. प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा जातो आणि परत येत नाही. चरे डोळ्यांना खुपायला लागले तरच कर. वॅक्सचं काम वेगळं: ते वर थर देतं, चरा काढत नाही.

खरा शत्रू म्हणजे सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याचं फडकं. एका बादलीत दहा गाड्या, तीही धूळ कोरडीच घासून! उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात ना, ते तिथलेच. माझ्या काळ्या गाडीची दोन वर्षांत अशीच वाट लागली. त्याला सांग, फक्त काचा पूस. धुताना आधी पाण्याच्या फवाऱ्याने माती सोडव, मग कार शाम्पू आणि मायक्रोफायबरचं मऊ फडकं, तेही सावलीत. भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं. बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नकोस, पांढरे डाग बसतात.

सिरॅमिक कोटिंगवाला, म्हणजे रंगावर कडक संरक्षक थर चढवून देणारा, '९एच आहे, चरा पडणारच नाही' म्हणेल. ते ९एच पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नव्हे! धुणं सोपं होतं, एवढं खरं. कबुतराची घाण मात्र त्यावरूनही त्याच दिवशी, ओल्या फडक्याने भिजवून काढायची.