रोज पसरणी घाट चढायचा असेल तर कोणती मिड-ड्राइव्ह मोटर घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहणं वाईला, नोकरी पाचगणीला, आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट. घरात सात गिअरची, २६ इंची चाकांची स्टीलची एमटीबी पडून आहे. तिला मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलच्या आसाजवळ बसणारी, मोटर बसवायची आहे, पण बाफांग आणि टाँगशेंग या चिनी कंपन्यांपैकी बाफांगची घ्यावी की टाँगशेंगची, किती वॉटची, आणि ती टिकेल का, हे ठरत नाही.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. बाफांगची बीबीएस०१बी घ्या, ३६ व्होल्ट, २५० वॉटची. तिच्याबरोबर मागच्या चाकाला १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकल्यांचा संच, बसवून घ्या. फ्रीव्हीलचा खर्च मोटरच्या मानाने किरकोळ आहे, पण मोटर किती वर्षं चालणार ते बऱ्याच अंशी त्यावरच ठरेल.

मी साताऱ्यात राहतो आणि पाच वर्षांपासून यवतेश्वरच्या घाटाने मिड-ड्राइव्हची सायकल चालवतोय. स्वतःची मोटर दोनदा उघडून साफ केली, ओळखीच्यांच्या तीन-चार बसवून दिल्या. त्या अनुभवावरून लिहितो.

२५० वॉट ऐकून बहुतेकांना वाटतं की एवढ्यात घाट चढणार नाही. हिशेब करून बघू. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर आणि चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. तुम्ही, सायकल, किट, डबा-दप्तर सगळं मिळून १०० किलो धरा. एवढं वजन तेवढं उंच उचलायला सुमारे १५७ वॉट-तास लागतात. टायरचं घर्षण आणि वारा धरून २००. तासाला १२ किलोमीटरने गेलात तर घाटाला एक तास लागेल, म्हणजे चाकाला सरासरी २०० वॉट हवेत. त्यातले ७५ तुमचे पाय कुरकुर न करता देतील. मोटरच्या वाट्याला उरतात सव्वाशे. अवघड वळणांवर ते पावणेदोनशे-दोनशेपर्यंत जातील, पण तेही तिच्या आवाक्यातलंच आहे.

अडचण येते ती आकड्यात नाही, फेऱ्यांत. मिड-ड्राइव्हची मोटर क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्यांना, जोर लावते आणि तो जोर चेनमधून, मागच्या गिअरमधून चाकाला जातो. मोटरच्या आतला फिरता भाग, रोटर, क्रँकच्या वीसेक पट वेगाने फिरतो. क्रँक मिनिटाला ७०-८० फेरे फिरत असेल तर मोटर सुखात असते. तीस फेऱ्यांवर तिला रेटलं तर बॅटरीतून तेवढाच करंट येतो, पण त्याचं काम कमी होतं आणि उष्णता जास्त. पुढे ४४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) धरून १२ च्या वेगाचे आकडे बघा: मागे १४ चा गिअर असेल तर क्रँक ३१ फेरे, २८ चा असेल तर ६१, ३४ चा असेल तर ७५. रस्ता तोच, वजन तेच, मोटर तीच. मागचा दातेरी चकला बदलला की एक मोटर भाजते आणि दुसरी वर्षानुवर्षं चालते.

हे मी भाच्याच्या सायकलवर डोळ्यांनी पाहिलं. त्याची मोटर कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक मोटरची नव्हती. त्याने अख्खा घाट मागच्या सर्वांत लहान चकलीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, हँडलवरचा थ्रॉटल पिळून चढवला. शेवटच्या वळणाच्या अलीकडे मोटर नुसती खर्रर्र करून फिरायला लागली, चाकाला जोर येईना. रात्री ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही ती उघडली. झाकण निघताच जळक्या वार्निशचा वास आला. नायलॉनच्या गिअरचे सात-आठ दाते एका अंगाला कलले होते, गरम सुरीने दाबावे तसे, आणि त्यांच्यातून ग्रीस पार बाहेर फेकलं जाऊन झाकणाच्या कडेला काळं होऊन बसलं होतं. लोखंडी गिअर मात्र नव्यासारखा होता.

नायलॉनचं ते गिअर बाफांगमध्येही असतं, टाँगशेंगमध्येही असतं. आवाज कमी व्हावा म्हणून ते ठेवतात, आणि जोर फार झाला तर आधी तेच जातं. पितळी गिअर बसवून घ्या असं पुष्कळजण सांगतात. मी सांगणार नाही. नायलॉन गिअर हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. त्याच्या जागी धातू घातला की आवाज वाढतो आणि उष्णतेचा मार पुढे वाइंडिंगवर (मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर), कंट्रोलरवर (मोटरला वीज मोजून देणाऱ्या सर्किटवर) जातो. एक जादा नायलॉन गिअर मोटरबरोबरच मागवून कपाटात ठेवा, ते स्वस्त आहे.

आता टाँगशेंगबद्दल. टीएसडीझेड२ ही वाईट मोटर नाही, उलट चालवायला ती जास्त गोड आहे. तिच्यात टॉर्क सेन्सर आहे, म्हणजे पायाने जितका जोर द्याल त्या प्रमाणात ती साथ देते. बीबीएस मालिकेत तो नाही, पेडल फिरतंय एवढंच तिला कळतं. टीएसडीझेड२ वजनालाही थोडी हलकी आहे आणि तिच्यासाठी लोकांनी खुलं फर्मवेअर (मोटर चालवणारा प्रोग्रॅम) लिहिलंय, त्यात पाहिजे ते बदलता येतं. पण तिची मोटर लहान आहे, क्रँकच्या चाळीसेक पट वेगाने फिरते, आणि आतली उष्णता बाहेरच्या धातूपर्यंत नीट पोचत नाही. जाणकार लोक ती उघडून आत उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड घालतात, ते याचसाठी. साताऱ्याहून कोरेगावला जायचं असतं तर मी तुम्हाला हीच सांगितली असती. रोज तासभर सलग चढ म्हटल्यावर नाही.

चाकाच्या मध्यात बसणाऱ्या हब मोटरचाही विचार तुमच्या मनात आला असेल, कारण ती स्वस्त मिळते आणि गल्लीतला मेकॅनिकही बसवून देतो. सपाट रस्त्याला उत्तम. घाटात मात्र तिला तुमच्या गिअरचा काही उपयोग होत नाही. चाक हळू फिरलं की तीही हळूच फिरणार आणि तापणार.

मग बाफांगचीच एक हजार वॉटची बीबीएसएचडी घेऊन ती हळू का चालवू नये? यांत्रिक दृष्टीने हा विचार बरोबर आहे. ती भक्कम आहे, तिचे गिअर मोठे आहेत, दोनशे वॉटवर ती कोमटही होणार नाही. पण आपल्याकडचा केंद्रीय मोटार वाहन नियम बघा. ज्या विजेच्या सायकलला वाहन म्हणून नोंदणी लागत नाही, तिच्या मोटरची ३० मिनिटांची शक्ती (अर्धा तास सलग देता येईल ती) २५० वॉटपेक्षा कमी हवी, वेग २५ पर्यंत पोचेस्तोवर मोटरची साथ बंद व्हायला हवी, आणि पेडल थांबलं तर त्याआधीच. हे सगळं ठरलेल्या चाचणी संस्थेने तपासलेलं असावं अशीही अट आहे, तेव्हा २५० वॉटचं किट घेतानाही ते या मर्यादेच्या आत बसतं असा कागद विकणाऱ्याकडे मागा. तुम्ही कितीही सावकाश चालवली तरी एक हजार वॉटची मोटर या चौकटीत बसत नाही. पसरणी घाटात एसटी, पर्यटकांच्या गाड्या, वळणावर थांबलेले लोक असं सगळं असतं. उद्या कुणाला धक्का लागला तर बिनानोंदणीचं वाहन चालवत होता हा ठपका तुमच्यावर यायला नको.

याच कारणाने थ्रॉटल जोडूच नका. किटमध्ये आला तरी बाजूला ठेवा. पाय फिरते राहिले की मोटरही आपोआप योग्य फेऱ्यांवर राहते.

मागवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: कंट्रोलर यूएआरटीचा आहे की कॅनचा? (डिस्प्ले आणि मोटर यांनी एकमेकांशी बोलायच्या या दोन पद्धती.) जुन्या यूएआरटी प्रकारात यूएसबी केबल लावून करंटची मर्यादा, सुरुवातीचा झटका, पेडल-असिस्टच्या पायऱ्या घरच्या घरी बदलता येतात. नव्या कॅन प्रकारात ते फारसं हाती राहत नाही. मी माझ्या मोटरची सुरुवात अगदी मऊ करून घेतली आहे, आणि तेव्हापासून चेन तुटलेली नाही. गिअर सेन्सरही जोडून घ्या. गिअर बदलताना तो मोटरचा जोर क्षणभर तोडतो. तो नसेल तर चढावर गिअर टाकताना चेन जो कडाका काढते तो ऐकवत नाही.

बसवण्यापूर्वी सायकलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो ती जागा, मोजा. किटचा दंडगोल साधारण साडेतेहतीस मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो नेहमीच्या आटे पाडलेल्या ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंदीच्या नळीतून आरपार जातो. जुना कप काढताना लक्षात ठेवा, चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तरच तो सुटतो. हे माहीत नसल्यामुळे लोकांनी फ्रेमचे आटे मारलेले मी पाहिलेत. नळीखालून गिअरची केबल जात असेल तर तिची वाट बदलावी लागेल, नाहीतर मोटर तिच्यावरच बसते.

दंडगोल बसला की डाव्या बाजूने मोठा नट आवळतात आणि सगळी मोटर त्या एका नटावर धरलेली असते. मी पहिल्यांदा बसवली तेव्हा तो मनगटाच्या अंदाजाने आवळला. दीडशे किलोमीटरनंतर चढावर टक्, टक् असा आवाज येऊ लागला. मी पेडलचं बेअरिंग बदललं, चेन बदलली, आवाज तसाच. मोटर हाताने हलवून पाहिली तेव्हा ती केसभर डोलत होती. आता तो नट लांब दांड्याच्या पान्याने आवळतो आणि त्यावरून मोटरच्या अंगावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. पहिले पाचशे किलोमीटर दर आठवड्याला ही रेघ बघा, पुढे महिन्यातून एकदा पुरे.

बॅटरीत सगळ्यात जास्त फसवणूक होते. तुम्हाला ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासाची पुरेल. ती ५०० वॉट-तासांची झाली आणि एका चढाईला बॅटरीतून १६०-१७० जातील, म्हणजे जुनी झाल्यावरही कमी पडणार नाही. ती तपासायची सोपी युक्ती म्हणजे तराजू. साडेतीन अँपिअर-तासाच्या १८६५० सेलने ती बनवली तर ४० सेल लागतात. एक सेल ४७-४८ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच १९०० ग्रॅम भरणार, वर पेटी, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट), तारा. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बॅटरी दोन किलोच्या आत भरली तर तिच्यावर लिहिलेले १४ खोटे आहेत. मला एका दुकानदाराने अशी बॅटरी दिली होती. घाटात दोनदा अर्ध्यावर बंद पडली तेव्हा मी ती तोलली: १६४० ग्रॅम. बीएमएस निदान २० अँपिअर सलग देणारा हवा, कारण २५० वॉटची ही मोटरसुद्धा उभ्या चढावर १५ अँपिअरपर्यंत ओढते.

पावसाळ्यात घाट कसा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तारांचे जोड तोंड खाली करून बांधा आणि प्रत्येक तारेला जोडाच्या आधी एक झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोळावरून टपकेल. डिस्प्लेवर ३० आकडा आला तर डिस्प्ले आणि मोटर यांचं बोलणं तुटलंय, बहुतेक वेळा कुठल्यातरी जोडात पाणी गेलेलं असतं. २१ आला तर मागच्या चाकाच्या आरीवरचं चुंबक सेन्सरपासून सरकलंय, बोटाने जागेवर आणा. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी मोटरवर मारू देऊ नका.

आणि ब्रेक. येताना हेच पावणेसहाशे मीटर तुम्ही उतरणार, तेही मोटर-बॅटरीचं जादा वजन घेऊन. मिड-ड्राइव्ह उतारावर काहीच रोखत नाही, तिच्या आत एकाच दिशेने जोर देणारी रचना (तिलाही फ्रीव्हीलच म्हणतात) असल्यामुळे चाकाकडून मोटरकडे जोर परत जातच नाही. सायकलला रबरी व्ही-ब्रेक असतील तर गुळगुळीत झालेले रबर आधी बदला, ओल्या पावसात तर दर महिन्याला बघा. जमलं तर पुढच्या चाकाला डिस्क करून घ्या. मोटरच्या पैशातून काही कमी करावं लागलं तरी चालेल, पण यात काटकसर करू नका.

पहिल्या चढाईला घाटात मध्ये दोनदा थांबा आणि मोटरच्या अंगावर तळहात ठेवा. पाच सेकंद हात टिकला तर सगळं ठीक चाललंय. टिकला नाही तर मागे एक गिअर हलका करा आणि असिस्टची एक पायरी खाली या.

आता एवढं करा: सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटची रुंदी व्हर्निअरने मोजा आणि चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) बाजूचा एक फोटो काढून इथेच टाका. ६८ किंवा ७३ निघाली तर वर लिहिलेलं जसंच्या तसं लागू आहे. दुसरं काही निघालं तर अडॅप्टर कोणता लागेल ते मोजमाप बघून सांगतो, तोवर मोटर मागवू नका.