फड, कावड, कमायचा: राजस्थानच्या कलांविषयी तुमचे प्रश्न

राजस्थानातल्या लोककलांवर या सदरात पूर्वी लिहिलं, तेव्हापासून पत्रं येत आहेत. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: प्रदर्शनातून तीन फुटी फड, म्हणजे कापडावरचं राजस्थानी कथाचित्र, घेतली. आमच्या वाचनालयात ती टांगून पाबूजी या राजस्थानी लोकदेवाची कथा सांगायची आहे. कुठून सुरुवात करावी? चित्रांत क्रमच लागत नाही.

लागणार नाही, कारण फडीत प्रसंग काळाच्या क्रमाने नसतात, स्थळांप्रमाणे असतात. मधोमध पाबूजींच्या कोळू गावचा दरबार आणि त्यात सगळ्यांत मोठे पाबूजी. उमरकोट, लंका, शत्रूचं गाव ही ठिकाणं आपापल्या जागी. एकाच ठिकाणी घडलेले प्रसंग, मग ते कथेत कितीही दूर असोत, शेजारी शेजारी येतात. त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर गोंधळ ठरलेलाच. पिंगुळीच्या चित्रकथीत एकामागून एक सुटी पानं येतात. इथे सगळं पान एकदम समोर असतं आणि त्यातून वाट काढतो तो भोपा, म्हणजे फडीपुढे कथा गाणारा पुजारी.

पाबूजींच्या पूर्ण फडीची लांबी साधारण पंधरा फूट, देवनारायण या दुसऱ्या लोकदेवाच्या फडीची तीस फुटांच्या आसपास. तीन फुटी तुकडा म्हणजे एखादा प्रसंग किंवा नुसता दरबार. तेवढ्यावर पूर्ण कथा बेतू नका. एक परवाडा, म्हणजे कथेतला एक पराक्रम, निवडा. (आपल्या पोवाड्याचंच हे भावंड.) लंकेहून सांडणी आणण्याचा परवाडा नवख्या श्रोत्यांना लगेच कळतो: पुतणीच्या लग्नात पाबूजींनी शब्द दिला, मग तो पाळायला निघाले.

सादरीकरणात दोन पदर असतात. 'गाव' म्हणजे गायचा भाग आणि 'अरथाव' म्हणजे लयीत बोलून अर्थ उलगडण्याचा. भोपा रावणहत्था हे गजाचं वाद्य वाजवतो, त्याची बायको भोपी दिवा धरून नेमकी आकृती उजळते. देवनारायणाच्या फडीपुढे रावणहत्था नसतो, तिथे जंतर हे वीणेसारखं वाद्य वाजतं. वाचनालयात गाणारं कुणी नसेल तर अरथावावर भागवा, पण दिवा सोडू नका. हॉलचे सगळे दिवे लावले की श्रोत्यांची नजर भरकटते आणि कथा कापडावरून निसटते. चित्रावर हलवता येईल अशी पिवळसर प्रकाशाची एक विजेरी पुरते. उघडी ज्योत कांजीच्या कापडाजवळ नेऊ नये.

आषाढी ते कार्तिकी या चातुर्मासात देव झोपलेले असतात, म्हणून भोपे फड उघडत नाहीत. तुम्ही विकत घेतलेल्या चित्राला हे बंधन नाही. तरी भोप्यालाच बोलावणार असाल तर तारीख कार्तिकीनंतरची धरा. त्याच्या दृष्टीने फड हे पाबूजींचं फिरतं देऊळ आहे. रबारी उंटपाळ जनावरं आजारी पडली की फडीचा नवस बोलतात, म्हणजे ती एका वस्तीच्या गरजेवर जगते. फाटून निकामी झालेली फड रद्दीत जात नाही, पुष्कराच्या पाण्यात विसर्जित होते.

आता जपणुकीचं. फडीचं कापड भिजवून, पिठाची कांजी चढवून, ताणून वाळवलेलं आणि दगडाने घोटलेलं असतं. वर डिंकात कालवलेले खनिज रंग: आधी फिकट पिवळी आखणी, मग अंगाचा नारिंगी, दागिन्यांचा पिवळा, हिरवा, तपकिरी, लाल, निळा, आणि शेवटी काळी रेघ. मुख्य देवाचे डोळे सगळ्यांच्या शेवटी उघडतात. घडी घातली की कांजी घडीवर तडकते आणि रंग पापुद्र्याने सुटतो. म्हणून तीन-चार इंच व्यासाच्या नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून, मध्ये धुतलेलं मांजरपाट घेऊन गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका; पावसाळ्यात आत दमट झालं की बुरशी येते आणि कांजीच्या वासावर कसर लागते. ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे रंगच पुसणं, डिंक पाण्यात विरघळतो.

प्रश्न: सातवीच्या मुलांकडून राजस्थानी कावड, म्हणजे एकेक दार उघडत कथा सांगायची चित्रांची पेटी, करून घ्यायची आहे. मागच्या वर्षी प्रयत्न फसला: दारं मिटेनात आणि चित्रं उलटसुलट आली.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. आधी रंगवलं, मग जोडलं. बस्सीचे (जिल्हा चित्तौडगढ) सुतार आधी लाकडाचं दारादारांचं देऊळ पूर्ण करतात, मग रंगाला हात घालतात.

दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. मधला गाभारा 20 सेंमी रुंद, 30 उंच, 6 खोल. त्याच्या दोन्ही कडांना 10 बाय 30 सेंमीची तीन-तीन दारं, एकदा पुढे, एकदा मागे अशी नागमोडी घडी पडेल अशी. बिजागरी म्हणून 4 सेंमी रुंद सुती पट्टी डिंकाने चिकटवा. दोन पुठ्ठ्यांमध्ये जाडीच्या दुप्पट, म्हणजे 4 मिमी फट सोडायची. फट न सोडल्यामुळेच तुमची दारं मिटली नाहीत. पहिली पट्टी आतून, दुसरी बाहेरून, तिसरी पुन्हा आतून, हा क्रम चुकला तर दारं एकाच दिशेला गुंडाळली जातात. जिथे दोन दारांच्या मध्ये तिसरं येतं तिथे फट 6-7 मिमी हवी. नुसत्या कोऱ्या पुठ्ठ्यावर दहा वेळा उघडझाप करून पाहा.

नंतर मुलांनी कावड उघडत जावी आणि जी बाजू समोर येईल तिच्यावर पेन्सिलीने आकडा टाकावा. सहा दारांच्या बारा बाजू आणि गाभारा, अशी तेरा चित्रं मिळतात. कथा या आकड्यांवर बसवायची. पारंपरिक कावडीत सर्वांत बाहेर द्वारपाल, सर्वांत आत राम-लक्ष्मण-सीता. कथा देवांचीच असायला हवी असं नाही, पण बाहेर राखण आणि आत भेट हा ताण ठेवा. पहिल्याच दारावर सगळं सांगितलं तर पुढची दारं उघडण्यात काय राम?

पार्श्वभूमीचा लाल हात पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी द्या, नाहीतर पुठ्ठा वाकतो. रात्रभर वाळू द्या. पोस्टर रंग दमट हवेत एकमेकांना चिकटतात, म्हणून मिटताना मध्ये बटर पेपर.

कावड वाचणारा कावडिया भाट मारवाडातून यजमानांच्या गावी फिरतो, मोरपिसाने चित्र दाखवतो आणि यजमानाच्या पूर्वजांची नावं कथेत घेतो. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी वंशावळ सांगतात, ते काम आणि देवदर्शन इथे एका पेटीत आलं आहे. मुलांना एक दार गावासाठी ठेवायला सांगा: विहीर कुणी खोदली, शाळेला जागा कुणी दिली. ती नावं मुलांनी घरोघरी विचारून आणावीत. आमच्या मते सगळ्या खटाटोपाचा खरा भाग हाच, रंगकाम दुय्यम.

प्रश्न: राजस्थानातले वंशपरंपरेने गाणारे मांगणियार मुसलमान असून हिंदू घरांत जन्माची, लग्नाची गाणी कशी गातात? आमच्या मंडळाला त्यांचा कार्यक्रम करायचा आहे, समुद्राकाठच्या शहरात.

कारण गाणं घराण्याला बांधलेलं आहे. जैसलमेर-बाडमेर भागात एकेका मांगणियार कुटुंबाचे यजमान ठरलेले असतात, बहुतेक राजपूत. बाळ जन्मलं, लग्न ठरलं की मांगणियाराने जायचं, यजमानाची वंशावळ 'शुभराज' म्हणून उच्चारायची, प्रसंगाची गाणी गायची. मोबदल्यात धान्य, जनावर, रोख नेग, आणि मांगणियाराच्या घरच्या लग्नातही यजमानाचा हातभार. भाऊ वेगळे झाले की यजमानही वाटून घेतले जातात, शेतासारखे. लंगा या अशाच दुसऱ्या गायक समाजाचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान आहेत. धर्म वेगळे असले तरी घराची आठवण राखायचं काम तेच. बोरुंद्यात 1960 साली रूपायन संस्था सुरू करणाऱ्या कोमल कोठारींनी या गायकांना गावाबाहेरचा मंच मिळवून दिला. कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य; ते वाजवणाऱ्या साकर खान यांना 2012 साली पद्मश्री मिळाली.

कार्यक्रमाचं म्हणाल तर कमायच्याची काळजी घ्या. आंब्याच्या एका लाकडातून कोरलेलं गोल पोट, वर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या. वाळवंटातल्या कोरड्या हवेचं हे वाद्य किनाऱ्यावर आलं की कातडं ओल धरतं, सैल होतं, घोडी खाली बसते आणि आवाज घोगरा होतो. वाद्यं एक दिवस आधी कोरड्या खोलीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वातानुकूलित सभागृह असेल तर पडदा उघडण्याआधी तासभर वाद्यं मंचावर हवीत, थेट बाहेरून आणली की स्वर सरकत राहतात. कमायच्याला मायक्रोफोन एक-दीड फुटावर. खडताल तीन फूट लांब ठेवा, नाहीतर शिसवी पट्ट्यांचा कडकडाट सगळ्यांवर चढतो.

'प्रसिद्ध असलेलंच गा' अशी फर्माइश करू नका. त्याऐवजी विचारा: बारशाचं काय आहे, वराच्या आगमनाचं काय आहे? प्रसंग सांगितला की ते खुलतात. मानधन, प्रवास, जेवण-मुक्काम आणि ध्वनिमुद्रण कुठे वापरणार हे गटप्रमुखाशी आधी लेखी ठरवा. मुद्रणाचा विषय कार्यक्रमानंतर काढला की कटुता येते.

प्रश्न: सिमेंटच्या भिंतीवर मांडणा, म्हणजे रांगोळीसारखी राजस्थानी नक्षी, काढला. दोन आठवड्यांत पांढरा रंग झडला.

मांडणा शेणमातीच्या सारवणावर, गेरूच्या हातावर खडियाने (पांढऱ्या खडूमातीने) काढतात. ती भिंत पाणी पिते आणि खडियाचे कण धरून ठेवते. सिमेंट, त्यातही ऑइलपेंट मारलेलं, काहीच पीत नाही. चिकटवायला डिंक नसेल तर सुकल्यावर उरते ती पांढरी धूळ. भिंत खरवडून चुन्याचा हात द्या, गेरू आणि खडिया दोन्हींत डिंकाचं पाणी घाला. खडिया रात्रभर भिजवून, गाळून, दाट ताकाइतकी ठेवा. जाड थर मात्र सुकताना भेगाळतोच. आणि तिथेही मांडणा कायमचा नसतो: पावसाळ्यात भिंत धुऊन निघते, दिवाळीआधी बायका पुन्हा सारवतात, पुन्हा काढतात.