जर्मनीत कंटेंटचं काम: आधी भाषा, मग व्हिसा

तू लिहितेस: सात वर्षं वर्डप्रेस आणि ड्रुपलवर वेबसाइटचं काम, घर कर्वेनगरला, इंग्रजी फर्डं, जर्मन शून्य. आणि प्रश्न असा की 'दादा, शान्सनकार्टेवर, म्हणजे जर्मनीच्या नोकरी शोधायच्या व्हिसावर, येऊन तिथेच नोकरी शोधू का?' दादा म्हणालीस म्हणून अगंतुगं करतो. आत्ता येऊ नकोस.

कार्ड मिळेलही. ६ गुण जमवायचे, ए-१ म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन किंवा बी-२ म्हणजे बऱ्यापैकी सफाईचं इंग्रजी चालतं, वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास कामही करता येतं. पण ही व्हिसाची अट झाली, नोकरीची नव्हे. जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं इंग्रजीवर भागून जातं. आपलं हत्यारच भाषा आहे.

मी ड्रेस्डेनला आलो तो बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन घेऊन, ऐटीत. इथे पुष्कळ ठिकाणी टायपो-३ वापरतात. डेन्मार्कच्या कास्पर स्कोरहॉयनं सुरू केलेली ही सीएमएस, म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळायची प्रणाली, पुण्यात मी कधी उघडलीही नव्हती. ती महिन्याभरात हाताला बसली. भाषा नाही बसली. एका विमा कंपनीच्या फॉर्मवर सगळीकडे 'झी' म्हणजे 'आपण' होतं, आणि चुकीच्या जन्मतारखेच्या सूचनेत मी 'डू' लिहून बसलो. बँकेत आजोबांना 'ए, इथे सही कर' म्हणावं तसं. एका वयस्कर ग्राहकाची तक्रार आली. साहेबांनी तो एक शब्द लाल पेनानं गोल करून कागद माझ्या टेबलावर ठेवला. बोलले काहीच नाहीत. 'तू' आणि 'आपण'मध्ये वाढलेल्या मराठी माणसानं ही चूक करावी!

कामाला तोटा नाही, विशेषतः अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या. २८ जून २०२५ पासून युरोपच्या कायद्यानं ऑनलाइन दुकानं, बँकिंग वगैरे सेवा दृष्टिहीनांनाही वापरता आल्या पाहिजेत. म्हणजे चित्रांचं ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन), मथळ्यांची उतरंड, फॉर्मची लेबलं. हे पुण्यात बसून शीक. आणि गंमत बघ, त्यासाठी जे निवेदन टाकावं लागतं त्याचं नाव 'बारिएरेफ्राइहाइट्सएर्क्लेरुंग'. मोबाइलच्या बटणातून हा शब्द हमखास बाहेर सांडतो. कुठे तोडायचा हे जर्मन येणाऱ्यालाच कळतं.

शेवटी कंसात लिहिलंयस, 'पेटी वाजवते'. ती कंसात ठेवू नकोस. मी सिंहगडाचा रविवारवाला. इथे एल्बेकाठच्या वाळूच्या दगडाच्या सुळक्यांवर जाणारं एक मंडळ सापडलं. त्यांच्या वेबसाइटवर गेल्या वर्षीची सहल अजून 'आगामी' होती. म्हटलं, मी बघतो. दोन वर्षं सहलींच्या सूचना लिहिल्या. सत्तरीचे एक काका प्रत्येक सूचना छापून घ्यायचे आणि डेर-डी-डास (नामाचं लिंग दाखवणारे शब्द) पेन्सिलीनं दुरुस्त करून द्यायचे. क्लासपेक्षा जास्त जर्मन तिथे शिकलो. पुढच्या मुलाखतीत साहेबांनी माझ्या पुण्यातल्या नऊ वर्षांच्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि त्या सूचनांबद्दल अर्धा तास.

तेव्हा जर्मन शिकायला बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन, नाहीतर रानडे इन्स्टिट्यूट. बी-२ होईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. तोवर अनाबिन या डेटाबेसवर पदवी मान्य आहे का ते बघून ठेव. पेटी आणणार असशील तर हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं, खोलीत पाण्याचं भांडं ठेवावं लागतं.