जज साहेबांना "ही केस तुम्ही ऐकू नका" असं म्हणता येतं का?

प्रश्न : आमचा वाटणीचा दावा सहा वर्षं चालू आहे, समोर माझे सख्खे दीर. मागच्या महिन्यात नवीन जज साहेब बदलून आले. घरातली कागदपत्रं चाळताना विहिरीच्या पाण्यावरून पूर्वी झालेल्या केसमधलं दिरांचं वकीलपत्र सापडलं, त्यावर वकील म्हणून सही याच साहेबांची, तेव्हा ते प्रॅक्टिस करायचे. आमचे वकील म्हणतात गप्प बसा, साहेब दुखावले तर सगळंच हातचं जाईल. काय करू?

उत्तर : ताई, गप्प बसू नका. तुमच्या वकिलांची भीती मला कळते, रोज त्याच कोर्टात उभं राहायचं असतं त्यांना, पण इथे गप्प बसण्यात खरंच तुमचं नुकसान आहे.

१९५७ सालचा सुप्रीम कोर्टाचा माणकलाल विरुद्ध प्रेमचंद हा निकाल बघा. माणकलाल स्वतः वकील, त्यांच्यावर गैरवर्तनाची तक्रार झाली आणि चौकशीला जे ट्रिब्युनल बसलं त्याचे अध्यक्ष पूर्वी एका केसमध्ये तक्रारदाराच्याच बाजूने उभे राहिलेले. कोर्ट म्हणालं, अशा माणसाने तिथे बसायला नको होतं. तरीपण माणकलाल हरले, का तर त्यांना हे माहीत असून ते चौकशी संपेपर्यंत काही बोलले नाहीत आणि निकाल विरोधात गेल्यावर हायकोर्टात मुद्दा काढला. म्हणजे माहीत असून तुम्ही तारखा घेत राहिलात तर उद्या अपिलात हेच विचारतील की तेव्हा का नाही बोललात.

आता दुसरी गोष्ट, अर्ज दिला म्हणजे आपण साहेबांना बेइमान म्हटलं असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. साहेबांच्या मनात काय आहे हा इथे प्रश्नच नसतो. १९८७ चं रणजित ठाकूर प्रकरण आहे, लष्करातला साधा सिग्नलमन, त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरची वर तक्रार केलेली, आणि नंतर जेवण घेण्याचा हुकूम मोडला म्हणून त्याचं कोर्ट मार्शल झालं तेव्हा तोच ऑफिसर न्याय करायला बसला! एक वर्ष सक्तमजुरी आणि नोकरी गेली. सुप्रीम कोर्टाने हे सगळं रद्द केलं आणि सांगितलं की न्यायाधीशाने "मी पक्षपाती आहे का" असं स्वतःच्या मनाला विचारून चालत नाही, समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या मनाला काय वाटेल ते बघायचं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाची धाकधूक त्यात धरलेली आहे.

साहेबांना ती जुनी केस आठवतही नसेल, वकिलाच्या हातून शेकड्याने केसेस जातात. म्हणून आधी त्या वकीलपत्राची सर्टिफाइड नक्कल काढा, सोबत छोटं शपथपत्र करा आणि पुढच्याच तारखेला लेखी अर्ज द्या. भाषा साधी ठेवा, अमुक केसमध्ये आपण प्रतिवादींचे वकील होतात, हे रेकॉर्डवर यावं आणि दावा दुसऱ्या कोर्टाकडे जावा ही विनंती, बस. एकही विशेषण नको, "मिलीभगत" वगैरे शब्द तर अजिबात नको, अशा शब्दांमुळेच कन्टेम्प्टची, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची, वेळ येते. आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, अर्जाची नोंद झाली का ते स्वतः बघा.

याच दाव्यात त्यांचं वकीलपत्र असतं तर त्यांनी बाजूला व्हावं का हा प्रश्नच उरला नसता. तुमची केस वेगळी पण माणसं तीच आणि विहीर त्याच जमिनीतली असेल तर मुद्दा जोरदार आहे. बरेच जज अशा वेळी स्वतःहून बाजूला होतात. नाही झाले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टात ट्रान्सफरचा अर्ज करता येतो. आपल्याकडची अडचण ही की बाजूला व्हायचं की नाही हे पहिल्यांदा तोच जज ठरवतो आणि कारण लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही. २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या (जज नेमण्यासाठीच्या आयोगाच्या) सुप्रीम कोर्टातल्या केसमध्ये न्या. कुरियन जोसेफ यांनी कारणं द्यायला हवीत असं लिहिलं, मला ते शंभर टक्के पटतं.

प्रश्न : आमच्या केसमधले साहेब आमच्या वकिलांवर सारखे चिडतात, तीन अर्ज फेटाळले. हा पक्षपात झाला ना?

उत्तर : नुसत्या एवढ्यावरून नाही. ऑर्डर चुकली तर वर जा, रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून ऑर्डर तपासून घेणं) आहे, अपील आहे. चिडका स्वभाव म्हणजे हितसंबंध नव्हे, आणि आपल्याला हवा तो जज मिळावा म्हणून असे अर्ज टाकणारे लोकही असतात, त्यांच्यामुळे खऱ्या अर्जांकडे संशयाने बघितलं जातं. पण साहेब समोरच्या पार्टीला चेंबरमध्ये एकटं भेटतात, पैशाचं बोलणं होतं असं काही हातात पुराव्यासह असेल तर ते गैरवर्तन, त्याची तक्रार शपथपत्रासह हायकोर्टाकडे, कारण घटनेच्या कलम २३५ प्रमाणे खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं. हायकोर्टाच्या जजला काढणं मात्र फार अवघड, लोकसभेचे १०० नाहीतर राज्यसभेचे ५० खासदार सह्या करणार, मग तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत मतदान. सुप्रीम कोर्टाच्या जजलाही हाच रस्ता, न्या. व्ही. रामस्वामींच्या वेळी १९९३ मध्ये समितीने दोष दाखवूनही लोकसभेत ठराव पडला. तुमचं प्रकरण तिथपर्यंतचं नाही, फेटाळलेल्या तिन्ही ऑर्डरच्या नकला काढा आणि मुदत जायच्या आत वरच्या कोर्टात जाता येतं का ते वकिलांना विचारा.