डिचोलीच्या भातशेतात खाणीचा गाळ: पाने तांबूस पडत असतील तर

प्रश्न: गोव्यातल्या आमच्या डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये बंद पडल्या, तरी डंपांवरचा (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरचा) लाल गाळ पावसात शेतात उतरतो. लावणीनंतर तीन आठवड्यांत भाताची पाने तांबूस होतात. युरिया वाढवावा का? हा तांदूळ खायला चालेल का?

उत्तर: युरियाने हे थांबणार नाही. आधी एक रोप उपटून मुळे धुवा. जुन्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके आणि मुळांवर गंजाचा थर दिसला, तर लोह जास्त झाले आहे. मुळे काळी होऊन कुजक्या अंड्याचा वास आला, तर त्याच दिवशी शेतातले पाणी काढून टाका.

पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो आणि गाळातले लोह विरघळते. पहिले दोन ते चार आठवडे त्याचा जोर असतो, आणि आपण लावणी नेमकी तेव्हाच करतो. त्यामुळे शेतात पाणी भरल्यावर 10 ते 20 दिवस थांबून लावा. फुटवे येताना एकदा पाणी काढून बारीक भेगा पडू द्या. जुलैत हे जमत नाही, मिळेल ती उघडीप साधा. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातपिकात) मात्र सबब चालणार नाही. कच्चे शेणखत, ताजा पाला घालू नका, त्याने लोह आणखी सुटते. पालाश (पोटॅश खत) दोन हप्त्यांत द्या.

चुना लावणीआधी दोन-तीन आठवडे, माती परीक्षणात येईल तेवढाच. सामू (मातीचा pH) 6 च्या आसपास पुरे. जास्त झाला की जस्त कमी पडते. जस्त कमी निघाले तर 1000 चौरस मीटरला अडीच किलो झिंक सल्फेट द्या, सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका.

साचलेला गाळ मे महिन्यात, नांगरणीपूर्वी खरवडा. बांधावर टाकलात तर पहिल्याच पावसात परत येईल. ओहोळाच्या तोंडाशी गाळखड्डा ठेवा आणि तो दरवर्षी उपसा.

तांदळाबद्दल: लोह बहुतेक मुळांतच अडकते. शंका असते ती शिसे आणि कॅडमियमची, आणि मृदा आरोग्य पत्रिकेत (सरकारी माती परीक्षणाच्या अहवालात) हे दोन्ही नसतात. प्रयोगशाळेकडे वेगळे मागा. कॅडमियम निघाले तर वरचा पाणी काढण्याचा सल्ला लागू नाही, कारण जमीन सुकली की भात ते जास्त ओढतो. मातीचा नमुना 15 सेंटिमीटर खोलीचा, आठ-दहा जागांचा. ओहोळाकडचा आणि पलीकडचा वेगळा. नमुना घ्यायला गंजलेले खोरे, जस्ताची बादली नको. धुळीच्या रस्त्याकडेची तांबडी भाजी दोन-तीन पाण्यांत धुवा.