वाचकांचे प्रश्न : जुन्या मल्टिट्रॅक टेप संगणकात घेताना

प्रश्न : अॅलेसिस अडॅट या डिजिटल टेप रेकॉर्डरवरच्या आठ ट्रॅकच्या टेप ऑप्टिकल केबलने संगणकात घेतो आहोत. मध्येच टकटक ऐकू येते. टेप गेल्या असतील का?

उत्तर : आधी क्लॉक, म्हणजे यंत्राची गती ठरवणारा संकेत, पाहा. इंटरफेसचा (आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राचा) क्लॉक ‘इंटर्नल’वर असेल तर अडॅट आणि इंटरफेस किंचित वेगळ्या गतीने चालतात, मग एखादं सॅम्पल (डिजिटल आवाजाचा सर्वांत छोटा तुकडा) गळतं किंवा दोनदा येतं. सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स ‘अडॅट’ निवडा, ऑप्टिकल इनपुटही एसपीडीआयएफवर (दोन ट्रॅकच्या डिजिटल जोडणीवर) नव्हे तर अडॅटवर ठेवा. केबल दोन्हींना एकच चालते, म्हणून इथे हमखास चूक होते. सॅम्पल रेट टेपचाच हवा. 44.1 किलोहर्ट्झची टेप 48 किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये गेली, तर गाणं जलद होऊन सुमारे दीड सेमीटोन (अर्धस्वर) वर चढतं. अडॅटवरचा पिच कंट्रोल (टेपची गती बदलणारं बटण) शून्यावर आणा.

तरीही टकटक राहिली तर तेच गाणं पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी त्याच जागी खटका येत असेल तर दोष टेपवरच आहे. जागा बदलत असेल तर क्लॉक, केबल किंवा मशीनचं हेड तपासा. दोन्ही प्रती सॅम्पलनुसार जुळवून एकीची फेज उलटी करा (म्हणजे तिची ध्वनिलहर उलटी करा) आणि एकत्र वाजवा. पूर्ण शांतता म्हणजे दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या. जिथे आवाज उरतो, तिथे ज्या प्रतीत खटका नाही तिचा तुकडा वापरा.

वाजवण्यापूर्वी टेप शेवटापर्यंत नेऊन पूर्ण मागे आणा आणि रेकॉर्ड-टॅब (कॅसेटवरची रेकॉर्डिंगला परवानगी देणारी छोटी पट्टी) काढून टाका, चुकून रेकॉर्ड दाबलं तर मूळच जाईल. बुरशी दिसली तर टेप मशीनमध्ये घालूच नका, बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या टेपही खराब होतात.

प्रश्न : रोलंड व्हीएस-880 या आठ ट्रॅकच्या डिजिटल रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली, तर तो फॉरमॅट करायला सांगतो. करू का?

उत्तर : अजिबात नको, सगळं रेकॉर्डिंग पुसलं जाईल! डिस्कवरची मांडणी रोलंडची स्वतःची आहे, म्हणून संगणकाला डिस्क रिकामी वाटते. डिस्क परत मशीनमध्ये बसवा आणि डिजिटल आउटने घ्या. एका वेळी दोनच ट्रॅक येतात, म्हणून प्रत्येक फेरीत ट्रॅक 1 पूर्ण डावीकडे आणि दुसरा एक पूर्ण उजवीकडे ठेवा, बाकीचे म्यूट. इक्यू (टोन नियंत्रण) आणि इफेक्ट बंद, फेडर (आवाजाची सरकपट्टी) 0 डीबीवर, इंटरफेसचा क्लॉक एसपीडीआयएफवर. आठ ट्रॅकना सात फेऱ्या लागतात. मग सातही फाइलींतला ट्रॅक 1 एकमेकांवर जुळवला की बाकीचे आपोआप जागेवर बसतात.