घरी बिअर करायला स्टेनलेस स्टीलचा फर्मेंटर घ्यायचाय. ३०४ घेऊ की ३१६?

तुम्ही टेक्सासमध्ये राहता, दोन वर्षं प्लास्टिकच्या बादलीत बिअर करताय आणि आता स्टीलचा, कोनाच्या बुडाचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, घ्यायचा विचार आहे. ३०४ आणि ३१६ या स्टीलच्या दोन जाती, त्यात ३१६ चा बराच महाग पडतोय, तर जास्तीचे पैसे घालावेत का, असं विचारलंय.

नका घालू. ३०४ पुरे. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबा. मला मात्र थांबवत नाही, कारण तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात वेल्डिंग हा शब्द एकदाही आलेला नाही आणि मी आयुष्यभर तेच केलंय.

मी बडोद्याचा. बिअरचा घोट कधी घेतलेला नाही. गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, आणि आमच्या घरात त्याच्याही आधीपासून. पण टाक्या केल्या आहेत. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझा आणि थोरल्या भावाचा फॅब्रिकेशनचा कारखाना होता. औषधवाल्यांच्या टाक्या, डेअरीच्या, सॉसवाल्यांच्या. आंबवण्याची टाकी ही बडोद्याला नवलाईची गोष्ट नाही. अलेंबिक इथे १९०७ साली सुरू झाली ती अल्कोहोल आणि टिंक्चर करायला. पुढे तिथे पेनिसिलिन झालं, आणि तेही टाकीत वाढवलेल्या बुरशीचंच. तेव्हा बिअर न पिणाऱ्याने टाकीवर बोलू नये, असं कोणी म्हणू नका. मला हे एकदा ऐकवलं गेलंय, ते पुढे सांगतो.

आधी धातूचं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात. ते कशाला? मिठाला, म्हणजे क्लोराइडला तोंड द्यायला. तुम्ही टाकीत खारातली लोणची मुरवणार असाल किंवा समुद्रकाठी कारखाना टाकणार असाल तर ३१६ घ्या. बिअरचा पीएच चार-साडेचारच्या आसपास, मीठ नावाला. ३०४ ला त्याचं काहीच वाटत नाही. दुधाचा अख्खा धंदा ३०४ वर चालतो. घाबरायचं असेल तर २०२ ला घाबरा. त्यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं, आपल्याकडची बरीच स्वस्त भांडी त्याचीच. आणि लोहचुंबक लावून बघायची सवय सोडा. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, उलट अस्सल ३०४ वाकवलेल्या कडेला थोडं चिकटतं. बाजारात टेस्टिंग सोल्यूशनची बाटली मिळते, थेंब टाकला की रंगावरून कळतं.

आता वेल्डिंग.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने न्यू जर्सीत, एडिसनला पुतण्याकडे होतो. पुतण्या म्हणजे दादाचाच मुलगा. गॅरेजमध्ये त्याचा सगळा संसार मांडलेला. कोपऱ्यात माल्टची पोती, फ्रीजरमध्ये मटारशेजारी हॉप्सची पाकिटं आणि मधोमध २७ लिटरची, तीन पायांवर उभी केलेली टाकी. बाहेरून अशी लखलखीत की तिच्यात बघून भांग पाडावा. त्याला तिचं फार कौतुक. आणि त्याच टाकीतले तीन घाणे लागोपाठ आंबट गेलेले. पहिल्या वेळी त्याने यीस्टला दोष दिला, दुसऱ्या वेळी पाण्याला. तिसऱ्या वेळी सूनबाईला, की तिने गॅरेजचं दार उघडं ठेवलं. तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, टाकी रिकामी आहे ना, मला आत हात घालू दे.

"काका, तुम्ही तर कधी चाखलेली पण नाही, तुम्हाला काय कळणार?"

मी म्हटलं, मला चाखायची नाही, चाचपायची आहे.

झाकण काढून हात आत घातला. भिंत गुळगुळीत, कोन गुळगुळीत. बाजूला जिथे नळ बसतो त्या फेरूलच्या, म्हणजे भिंतीत वेल्ड केलेल्या आखूड नळीच्या, कडेला बोट गेलं आणि अडलं. नखाला खरखर लागली, पातेल्याच्या बुडाला साखर जळून बसली की लागते तशी. आमच्या धंद्यात त्याला शुगरिंगच म्हणतात. बाहेरून आर्गन वेल्डिंग करताना आतल्या बाजूलाही आर्गन वायू सोडावा लागतो, त्याला पर्जिंग म्हणतात. ते केलं नाही की वितळलेल्या धातूला पाठीमागून हवा लागते, क्रोमियम जळून जातं आणि तिथे काळा, भोकाभोकांचा खरपुडा येतो. स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे. खरपुड्यावर तो थर धड नसतोच. आणि ज्या जंतूंनी बिअर आंबट होते ते असतात एक-दोन मायक्रॉनचे, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या खरपुड्याचं एकेक भोक म्हणजे त्यांची चाळ. तुमचा ब्रश तिथे पोहोचत नाही, औषध वरवर फिरून निघून येतं.

सूनबाईकडून कापूस मागून घेतला. आम्ही वेल्डरची परीक्षा अशीच घ्यायचो. चांगल्या वेल्डवरून बोळा सरकतो, वाईट वेल्डवर तंतू अडकून राहतात. इथे तंतू अडकले, लोकरीसारखे लोंबायला लागले. दुसरा बोळा गरम पाण्यात भिजवून दाबून फिरवला तो तपकिरी आणि बुळबुळीत होऊन बाहेर आला. वास चार दिवसांच्या ताकाचा. पुतण्याच्या नाकाशी धरला. मग तो काही बोलला नाही.

नळही सोडवायला लावला. तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह, चार बोल्ट. दीड वर्षात एकदाही उघडलेला नव्हता. आतला गोळा आणि बाहेरची बॉडी यांच्यामधल्या पोकळीत वाळलेल्या पिठल्यासारखा थर. पुतण्याचं आजही म्हणणं आहे की दोष व्हॉल्व्हचा. माझं म्हणणं वेल्डचा. आम्ही दोन्ही एकाच आठवड्यात दुरुस्त केलं, त्यामुळे निकाल लागायचा राहिला. पण व्हॉल्व्ह उघडून धुता येतो, नाहीतर नवा आणता येतो. वेल्ड कसा आणणार?

दुरुस्तीला दोन दुपारी गेल्या. त्याच्या ड्रिलला लहानसं फ्लॅप व्हील, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक, लावून खरपुडा उतरवला. व्हील कोरंच हवं. आधी लोखंडावर फिरलेलं व्हील स्टीलला लावलं तर लोखंडाचे कण रुततात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके उठतात. मग बोटानेच पॉलिश पेपर, १२०, २४०, ४०० नंबरचा, दर वेळी आणखी बारीक. शेवटी सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबाचं फूल. दहा लिटर कढत पाण्यात एक किलो घालून दोन तास भरून ठेवलं, मग चांगलं धुऊन हवेवर वाळवलं. त्याने क्रोमियमचा थर पुन्हा धरतो. कारखान्यात आम्ही यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिकची पिकलिंग पेस्ट लावायचो. ती कोणी सुचवली तरी घरात आणू नका. कातडीतून हाडापर्यंत जाते.

चौथा घाणा चांगला आला. मी वास घेतला, त्यांनी चव.

हे सगळं मला दादाला दाखवायचं होतं. का, ते ऐका. १९९४ साली आम्ही एका दूधवाल्या पार्टीला ५०० लिटरची कल्चरची, म्हणजे विरजणाची, टाकी करून दिली. माल जायच्या आदल्या संध्याकाळी मी आतून बघितली तर एका नोझलला, म्हणजे नळी जोडायच्या तोंडाला, असाच खरपुडा. मी म्हटलं, कापू आणि पुन्हा मारू, अर्धा दिवस जाईल. दादा कारागिरांसमोर गुजरातीत म्हणाला, "अंदर कोण जोवानुं छे?" आत कोण बघणार आहे? बाहेरून बफिंग झालं, टेम्पो भरला. तीन महिन्यांनी तीच टाकी त्याच दारात परत उभी. दह्याचं कल्चर टिकत नव्हतं. पैसे परत द्यावे लागले. दादाचं म्हणणं, गिऱ्हाईकाने नीट धुतली नाही. चार वर्षांनी आम्ही वेगळे झालो. नातेवाइकांत कारण सांगतात ते जागेचं. माझ्यापुरतं कारण ते नोझल होतं.

तर एडिसनहून व्हिडिओ कॉल लावला. पुतण्याने टॉर्च लावून फोन टाकीच्या आत धरला. आधीचे फोटोही पाठवले होते. दादा बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "किती नंबरपर्यंत गेलास?" मी म्हटलं, चारशे. "मग झालं की," म्हणाला, आणि वहिनीला फोन दिला.

म्हणून तुम्हाला सांगतो, ३१६ साठी राखून ठेवलेले पैसे चांगल्या वेल्डला आणि चांगल्या जोडाला घाला. खाण्यापिण्याच्या टाकीचा आतला पृष्ठभाग ०.८ मायक्रॉन आरए (आरए म्हणजे खरखरीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत असावा, असा धंद्यातला नेम आहे. विकणाऱ्याला तो आकडा विचारा. उत्तर आलं नाही तर समजून जा. जोड टीसी क्लॅम्पचे (ट्राय-क्लॅम्प) घ्या, क्लॅम्प काढला की गॅस्केटसकट सगळं हातात येतं. आटे असलेल्या जोडांत घाण बसते ती बसतेच. काही टाक्यांत वेल्डच नसतो, नुसता नट आणि रबरी वॉशर. काही लोक त्याला वेल्डपेक्षा बरं म्हणतात. मला ते पटत नाही, पण खरपुड्यापेक्षा तो बरा, कारण निदान सोडवता तरी येतो. दोन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह घेऊच नका, तो धुवायला सहजी सोडवता येत नाही. बटरफ्लाय व्हॉल्व्ह सगळ्यात चांगला. कोन ६० अंशांचा असला की यीस्ट घसरून खाली बसतं. त्याहून पसरट असेल तर भिंतीलाच चिकटून राहतं आणि खालच्या नळाने नुसती बिअर येते.

धुवायला परकार्बोनेटवाली पावडर, मग फॉस्फोरिकवालं सॅनिटायझर. ब्लीच नाही. ब्लीचमध्ये क्लोरीन आहे, रात्रभर ठेवलंत तर ३०४ च काय, ३१६ लाही खड्डे पडतील. तारेची घासणी नाही. काही महिन्यांनी भिंतीवर राखाडी-पिवळट खर धरेल, त्याला बिअरस्टोन म्हणतात. तो कॅल्शियमचा असतो, अल्कलीने हलत नाही, आम्लाने जातो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. प्लास्टिकची बादली वाईट नसते. तिला ओरखडे पडतात आणि तिच्यातून हळूहळू हवा झिरपते, एवढंच. पुतण्याचा एक मित्र दरवर्षी नवी बादली घेतो आणि त्याची बिअर कधी आंबट झालेली नाही. तुमच्याकडे तापमान धरायची सोय नसेल तर आधी जुना फ्रीज आणि कंट्रोलर घ्या, टाकी नंतर. यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज वर जातं. टेक्सासच्या उन्हाळ्यात एल जातीच्या बिअरच्या यीस्टला लागणारे १८ ते २२ अंश सेल्सिअस तुम्ही खोलीत कसे सांभाळणार? स्टीलच्या टाकीला थर्मोवेल, म्हणजे तापमापक आत घालायची बंद नळी, घ्या, बाहेरून चिकटवलेल्या पट्टीवर भरवसा नको. आणि २७ लिटरच्या टाकीत २० च भरा, फेस वर येतो.

दाबाचं नीट ऐका. टाकीवर दाबाचा आकडा लिहिलेला नसेल तर ती दाबाची नाही. झाकणाला क्लॅम्प आहे म्हणून वाट बंद करून आंबवायला ठेवू नका. कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट हवीच. उलटही होतं. भरलेली बंद टाकी एकदम थंड केलीत तर आत व्हॅक्यूम होऊन पातळ पत्रा आत चेपतो, आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली नळी) असेल तर त्यातलं पाणी आत ओढलं जातं.

कायद्याचं तुम्हाला ठाऊकच असेल. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बिअर करायला केंद्राचा कर नाही, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. पण सुट्टीत गुजरातेत येऊन सासुरवाडीला करून दाखवीन म्हणाल तर तो सरळ गुन्हा आहे.

कुठली टाकी बघताय ते लिहिलेलं नाही. ठरवण्याआधी इथे फोटो टाका, नळाच्या फेरूलचा, टॉर्च मारून, आतल्या बाजूने. बाहेरचा नको.